कीर्तीचा तगादा

१९५७ सालच्या ५ सप्टेंबरला ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये जॅक केरुआकच्या ‘ऑन द रोड’ या कादंबरीचा गिल्बर्ट मिलस्टीन यांनी जो मुक्तकंठाने गौरव केला, तो त्या पत्राचे नेहमीचे परीक्षक रजेवर नसते तर बहुधा झालाही नसता. पण तो झाला, आणि आदल्या रात्रीपर्यंत मित्रमंडळाबाहेर फारसा कोणास ठाऊक नसलेला हा पस्तीस वर्षांचा लेखक उजाडताच अवघ्या एका पिढीचा मुखत्यार ठरला. ही मुखत्यारी त्याने मागितली नव्हती. शिवाय ती ज्याच्या भरवशावर बहाल झाली, तो इसमच निराळा होता.

कादंबरीतील भरधाव मोटार हाकणारा, कशालाच न बिचकणारा नायक हा नील कॅसडी या मित्रावरून बेतलेला. केरुआक शेजारी बसून पाहणारा, लक्षात ठेवणारा. १९५१च्या एप्रिलमध्ये, एकमेकांस जोडलेल्या कागदांच्या सुमारे १२० फुटी गुंडाळीवर तीन आठवड्यांत त्याने ती टंकलिखित केली, आणि पुढची सहा वर्षे ती प्रकाशकांकडून नामंजूर होत राहिली. त्या अवधीत ‘डॉक्टर सॅक्स’सारखी पुस्तकांमागून पुस्तके लिहून त्याने आपले गद्य कोठल्या कोठे नेले होते. प्रसिद्धी आली ती मात्र जुन्या हस्तलिखितापायी, आणि तिचा तगादा असा की, आईच्या सहवासात राहणाऱ्या, स्वभावतः संकोची, बौद्ध ग्रंथांत रमूनही जन्मजात कॅथलिक श्रद्धा न सोडणाऱ्या या माणसाने दारी येईल त्यास कॅसडी होऊन दर्शन द्यावे.

१९६०च्या उन्हाळ्यात तो कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, बिग सर येथे, कवी लॉरेन्स फर्लिंगेटी यांच्या झोपडीत जाऊन राहिला. पण तेथे त्यास एकांतही सोसेना आणि संगतही, मद्याने मन पार विस्कटले, आणि ही दैना त्याने १९६२च्या ‘बिग सर’मध्ये ज्या निर्भीडपणे नोंदली, तसा कीर्तीचा प्रामाणिक जमाखर्च दुसरा माझ्या वाचनात नाही. कीर्तीने त्याचा बळी घेतला असे मी म्हणणार नाही, कारण मद्यपान आधीचेच होते. परंतु त्यातून परतण्याची जी वाट कदाचित उरली असती, ती अनोळखी माणसांच्या गराड्याने अडवली. १९६९च्या ऑक्टोबरात, फ्लोरिडात, वयाच्या ४७व्या वर्षी तो गेला.

नवव्या वर्षी वारलेल्या थोरल्या भावावरील त्याचे ‘व्हिजन्स ऑफ जेरार्ड’ हे व्याकूळ, निर्मळ पुस्तक १९६३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ‘पिढीच्या मुखत्यारा’कडून असले काही नको असलेल्या परीक्षकांनी त्याची निष्ठुरपणे बोळवण केली. ते पुस्तक ज्यांनी वाचले नाही, त्यांना केरुआक ठाऊक आहे असे मी मानीत नाही.