चालतंय की!

"चालतंय की!" हे दोन शब्द मला आताशा ऐकवत नाहीत. फाईल उघडली, पहिलं पान दिसलं, की तरुण मंडळी हात झटकून मोकळी. वहीचं पहिलं पान सुवाच्य आणि पुढे सगळी गिचमिड, अशा वह्या मी जन्मभर तपासल्यात.

माझ्या वडिलांच्या आठवणींचे दोन भाग आपल्या घरात ई-पुस्तकं म्हणून फिरतात, हे तुम्हा नातेवाइकांना ठाऊक आहेच. भाच्याने एका सॉफ्टवेअरने ते जोडून एक पुस्तक केलं. सॉफ्टवेअरने मिनिटभरात काम केलं, चूक म्हणून काही दाखवली नाही. पण दुसऱ्या भागातल्या 'आत्या' या शब्दावर बोट ठेवलं, की टीप उघडते पहिल्या भागातली. म्हणजे वडिलांची आत्या आणि आमची आत्या एकच!

ई-पब म्हणजे झिप करून बांधलेलं गाठोडं. आत वेबपानांसारखी पानं, चित्रं, सामानाची यादी आणि कुठलं पान कुठल्यानंतर याचा क्रम. प्रत्येक टिपेला एक आयडी असतो आणि एका पानात तो एकदाच यावा असा नियम आहे. आपल्या दोन्ही भागांत टिपा 'टीप१'पासूनच सुरू होतात. सॉफ्टवेअरने टिपांची दोन पानं एकत्र केली आणि आयडी तसेच ठेवले. एका वर्गात दोन पाटील, हजेरीचा नंबरही एकच! नंबर पुकारला की पुढच्या बाकावरचाच उभा राहतो. (पुस्तक तोडताना याच्या उलट. टीप जाते दुसऱ्या फाईलीत, दुव्यात नाव जुन्याच फाईलीचं राहतं, मग बोट आपटत बसा.)

यावर भाच्याचा निकाल : "मावशी, हा मराठीचा प्रॉब्लेम आहे. पीडीएफ कर."

का म्हणून? मराठीचा संबंध आहे तो एवढाच, की यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं आणि इंग्रजी अक्षर १. कॅलिबर ई-पब तयार करताना २६० केबीहून मोठी फाईल आपणहून तोडतं, त्यामुळे मराठी प्रकरण लवकर तुटतं. ती लांबीची गोष्ट झाली. मी एकेका टिपेची, इंग्रजी मजकुराची दोन चिमुकली पुस्तकं करून त्याच सॉफ्टवेअरने जोडली. तीच गफलत! मग मराठीला कशाला बदनाम करता? एपबचेक हे तपासनीस मोफत मिळतं, दुहेरी आयडी ते लगेच दाखवतं. पण चालवणार कोण?

आणि पीडीएफचं म्हणाल, तर त्यात ओळ पानाला खिळलेली. फोनवर अक्षर मोठं केलं की प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवायचं. सत्तरीतल्या डोळ्यांनी दोनशे पानं अशी वाचून दाखवा, मग बोलू.

"नीट चालत नाही" एवढंच कळवून काही होत नाही. ती दोन चिमुकली पुस्तकं, सॉफ्टवेअरची आवृत्ती, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, असं सगळं लिहून मी पाठवलंय. उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर ती जोडफाईल कृपया फोनमधून काढून टाका. आपल्या आत्या नव्वदी ओलांडून ठणठणीत आहेत, आणि त्या फाईलीत त्यांच्या नावावर बोट ठेवलं तर त्या प्लेगने वारल्याचं निघतं.