आधी पाण्याचा बेत, मग ‘पॉइंट’

दिवाळीची सुट्टी जवळ आली, की घरोघरी राजस्थानचे बेत सुरू होतात आणि जैसलमेर त्यात असतंच. पिवळ्या दगडाचा किल्ला, पटवांची हवेली, गडीसर तलाव, समच्या वाळूत उंटावरून पाहायचा सूर्यास्त. चर्चा होते ती रेल्वेच्या तिकिटांची, हॉटेलच्या दराची आणि तीन दिवसांत किती ‘पॉइंट’ होतील याची. आजींची रक्तदाबाची गोळी कोणती आणि जोधपूरहून निघाल्यावर वाटेत बऱ्यापैकी स्वच्छतागृह कुठे मिळेल, हे प्रश्न कुणी विचारत नाही. माझ्या मते सुरुवात त्यांच्यापासूनच व्हायला हवी.

मुंबई-कोकणातल्या माणसाला उकाडा म्हणजे घामाच्या धारा. हवाच दमट, त्यामुळे घाम सुकत नाही, सदरा अंगाला चिकटतो आणि पाणी जातंय हे आपोआप कळतं. जैसलमेरला वर्षाला पाऊस पडतो जेमतेम दीडशे ते दोनशे मिलिमीटर. तिथली हवा इतकी कोरडी, की घाम फुटता फुटता उडून जातो. कातडी कोरडी दिसते आणि ‘इथं ऊन आहे, पण घाम नाही हो’ असं आपण कौतुकानं म्हणतो. घाम असतो, फक्त दिसत नाही. एक लिटर घामाची वाफ होताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते. वाळवंटात माणूस तगतो तो या व्यवस्थेवरच, पण तिला लागणारं पाणी बाहेरून भरावं लागतं. उंट दिवसभरात अंगाचं तापमान पाच-सहा अंशांनी चढू देतो आणि घाम वाचवतो. आपल्याला दोन-तीन अंशही जड जातात.

उष्णतेची सवय शरीराला होते, नाही असं नाही. घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं. पण त्याला एक ते दोन आठवडे लागतात आणि आपली सहल असते तीन रात्रींची. म्हणजे सवय लागायच्या आधीच आपण परतीच्या गाडीत असतो. ‘आम्ही विदर्भातले, आम्हाला उन्हाचं काय सांगता’ हा युक्तिवाद मे महिन्यात थोडाफार चालेल. पावसाळा संपवून ऑक्टोबरात गेलेल्या नागपूरकराला तो लागू नाही.

आता नेहमीचा कार्यक्रम पाहा. सकाळी जोधपूरहून निघायचं, पाचेक तासांनी दुपारी पोहोचायचं, जेवून लगेच किल्ला चढायचा आणि चारला समच्या वाटेला लागायचं. ते शहरापासून चाळीसेक किलोमीटर. तिथं उंट, जीप, नाचगाणी, जेवण. म्हणजे ज्या वेळी जैसलमेरचा दुकानदार सावली धरून बसतो, नेमक्या त्या वेळी पाहुणा तापलेल्या दगडी पायऱ्या चढत असतो. अरुंद गल्ल्या, जाड भिंती, जाळीचे झरोके यांचं आपण कलाकुसर म्हणून कौतुक करतो; ते बांधणाऱ्यांनी दुपारी बाहेर फिरायचं नाही हेही ठरवलेलं होतं. किल्ला सकाळी लवकर पाहावा, बारा ते चार खोलीत पडून राहावं आणि त्यापायी दोन पॉइंट सुटले तर सुटू द्यावेत. दिवाळी ऑक्टोबरात आली तर तिथली दुपार अजून चांगलीच तापलेली असते. शक्य असेल त्यांनी नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ धरावा. मे महिन्यात हॉटेल अर्ध्या दरात मिळतं हे खरं, पण जैसलमेरच्या शेजारच्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली होती.

सर्वात अवघड प्रश्न पाण्याच्या बाटलीचा नाही, तो पाणी न पिण्याचा आहे. प्रवासात बायका पाणी पीत नाहीत. वाटेत सोय नसते, असली तर जाववत नाही, आणि सगळ्यांसमोर गाडी थांबवायला सांगणं संकोचाचं वाटतं. म्हणून सकाळचा चहा झाला की दुपारपर्यंत घोटही नाही. आपल्याकडे लग्नाच्या बसमध्येही हेच चालतं, पण कोरड्या हवेत याची किंमत लवकर मोजावी लागते. डोकेदुखी, चक्कर, आणि घरी परतल्यावर लघवीची जळजळ. म्हणून गाडी ठरवतानाच चालकाशी बोलून दर दीड-दोन तासांचे थांबे पक्के करावेत. कुणी मागितले म्हणून नव्हे, ठरले आहेत म्हणून. ज्यांना सांगायचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी एवढंच पुरेसं असतं. लघवी गडद पिवळी होऊ लागली की पाणी कमी पडतंय, ही खूण सगळ्यांनी लक्षात ठेवावी.

वयस्कांना तहान मुळातच कमी लागते, त्यामुळे ‘लागेल तेव्हा पितील’ यावर विसंबू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं. त्या मनानं बंद करायच्या नाहीत, पण निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवून घ्यायच्या. ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी तर नक्कीच. घाम खूप गेला असेल तर नुसतं पाणी ढोसू नये, मीठही हवं. ओआरएसची पाकिटं सोबत ठेवावीत. इन्सुलिन उभ्या गाडीत ठेवू नये आणि थेट बर्फालाही लावू नये. मातीच्या ओलसर भांड्यात ते बरं राहतं. माठ दमट मुंबईपेक्षा कोरड्या जैसलमेरात जास्त गार होतो, हा वाळवंटाचा एक फायदाच. उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागलं, तर तापाची गोळी देत बसू नये. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावं, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा.

थंडीत गेलात तर उलटा अनुभव. आभाळ निरभ्र आणि हवेत बाष्प नाही, त्यामुळे सूर्य मावळला की वाळू झपाट्यानं निवते. जानेवारीत पहाटे सात-आठ अंश असतात. तंबूत राहणाऱ्यांनी स्वेटर, कानटोपी जवळच ठेवावी, आणि दम्याच्या रुग्णांनी पंप. धुरळा उडवणारी जीपसफारी त्यांनी सोडलेलीच बरी.

पाण्याची आणखी एक बाजू त्या किल्ल्याची आहे. बाराव्या शतकात वसलेल्या या किल्ल्यात आजही लोक राहतात. पूर्वी पाणी खालून डोक्यावरून वाहून आणायचे, त्यामुळे ते जपून वापरलं जाई. नळ आले, मग हॉटेलं आली, आणि सांडपाणी टेकडीच्या मऊ थरांत मुरू लागलं. १९९६ मध्ये धोक्यातल्या जागतिक वारशांच्या यादीत वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं या किल्ल्याचं नाव घातलं, त्यामागे ही झिरप मोठं कारण होती. २०१३ मध्ये तो युनेस्कोच्या यादीत आला. झिरपणाऱ्या पाण्याला त्याचं सोयरसुतक नाही. किल्ल्यातली झरोक्याची खोली फोटोत छान दिसते. तरी मुक्काम खाली गावात करावा आणि किल्ला पायी पाहावा, असंच मी सुचवेन. आरक्षण करताना हॉटेलला एवढं विचारून घ्या: दुपारी लवकर खोली मिळेल का, आणि पिण्याचं पाणी बाटल्या न घेता भरून घेता येईल का?