कंबरेचे मणके जोडून घ्यावे काय ?

शेतकऱ्याचें भांडवल म्हणजे जमीन, पाणी व बैल असें आपण म्हणतों. परंतु या तिहींच्याहि आधीं त्याची कंबर येते. भातलावणी, खुरपणी, ऊसतोडणी हीं सारीं कामें वाकूनच करावीं लागतात. पन्नाशीच्या सुमारास पुष्कळांची कंबर धरते, आणि ‘मणक्यांत गॅप आहे, स्क्रू बसवून मणके जोडून घ्या’ असा सल्ला कोणी तरी देतो. मग घरांत जमिनीचा तुकडा गहाण टाकण्याचा विचार सुरू होतो. तसें करण्यापूर्वीं वाचकांनीं पुढील गोष्टींचा शांतपणें विचार करावा, असें आम्हांस वाटतें.

दोन मणक्यांमध्यें एक गादी असते. वयोमानानें तिच्यांतील पाण्याचा अंश कमी होऊन ती चपटी होते. यासच लोक ‘गॅप’ म्हणतात. शस्त्रक्रियेंत तेथें हाडाचें कलम बसवून धातूचे स्क्रू व सळ्या यांचा आधार देतात. आंब्याचें कलम एकजीव होईपर्यंत बांधून ठेवावें लागतें, तसेंच हें आहे. हाडें न सांधलीं, तर बांधणी फार दिवस तग धरीत नाहीं. आणि सांधलीं, तरी तेथील हालचाल कायमची थांबून शेजारच्या मणक्यांवर अधिक भार पडतो.

१९११ सालीं न्यूयॉर्क येथील हिब्ज व आल्बी या शस्त्रवैद्यांनीं ही रीत प्रसिद्ध केली, ती मुख्यतः मणक्यांचा क्षय व बांक यांसाठीं. तेथें तिचा हेतु स्पष्ट होता. झिजलेल्या गादीच्या दुखण्यास ती पुढें लागू करण्यांत आली, आणि खरा वाद तेथेंच आहे.

स्वीडनमध्यें २९४ रोग्यांवर झालेल्या प्रयोगांत (२००१) शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं शेंकडा ६३ जणांस, तर इतरांपैकीं शेंकडा २९ जणांस बरें वाटलें. हा फरक लहान नव्हे. परंतु त्या इतरांस नेहमींचेच उपचार मिळाले होते. नॉर्वेमध्यें (२००३) दुसऱ्या गटाची दुखण्याविषयींची भीति घालवून त्यास पद्धतशीर व्यायाम दिला, तेव्हां दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नाहीं. ब्रिटनमधील ३४९ रोग्यांच्या प्रयोगांत (२००५) शस्त्रक्रियेचा अधिक लाभ अल्पच दिसला. पुढें २०१६ सालीं तेथील ‘नाइस’ या संस्थेनें, वैद्यकीय प्रयोगाचा भाग असल्याखेरीज नुसत्या कंबरदुखीसाठीं ही शस्त्रक्रिया सुचवूं नये, असें ठरविलें.

छायाचित्रावरहि सर्वस्वीं विसंबूं नये. कंबर मुळींच न दुखणाऱ्या माणसांच्या तपासण्या २०१५ सालीं एकत्र करून पाहतां, पन्नाशीच्या शेंकडा ८० जणांत गादीची झीज आढळली. केस पिकणें जसें, तशीच ही झीज.

‘आम्हीं दिवसभर राबतों, मग व्यायाम कशाला ?’ असा आक्षेप निघेल. पण राबणें व व्यायाम एक नव्हेत. राबण्यांत एकाच बाजूचे स्नायु शिणतात. व्यायामांत दुर्बळ स्नायूंस हळूहळू बळ येतें. बैलाचा खांदा सुजला तर आपण त्यास कांहीं दिवस हलकें काम देतों. स्वतःच्या कंबरेस तेवढी सवलत कां नसावी?

यावरून शस्त्रक्रिया सदैव त्याज्य, असा अर्थ कोणीं घेऊं नये. मणका मोडला, अस्थिर झाला किंवा क्षयानें खचला, तर तिची गरज पडूं शकते. पायांतील शक्ति जाऊं लागली, लघवी-शौचावरील ताबा सुटला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर एक दिवसहि न दवडतां रुग्णालय गांठावें. ताप व वजनांतील घट यांसह कंबर दुखत असल्यासहि तपासणी लांबवूं नये.

इतरांनीं मात्र कांहीं महिने जाणत्याच्या देखरेखीखालीं व्यायाम करावा, अंथरुणास खिळून राहूं नये, आणि खुरप्याऐवजीं उभ्यानें चालणारें सायकल कोळपें वापरावें. तंबाखू व विडी सोडावी. त्यांनीं हाड सांधण्यासहि अडथळा येतो. तरीहि शस्त्रक्रियेचाच सल्ला मिळाला, तर दुसऱ्या तज्ज्ञास दाखवावें आणि स्पष्ट विचारावें : दुखणें नेमकें कोठून येतें ? पुन्हां ओझें उचलतां येईल काय ? न केल्यास काय होईल ? या प्रश्नांचीं समाधानकारक उत्तरें मिळेपर्यंत सात-बाराचा उतारा पेटींतच राहूं द्यावा, हें आमचें स्पष्ट मत आहे.