कापूस आपला, मग त्याचा इतिहास कोणी वाचायचा?

जगाचा इतिहास म्हटलं की आपल्याकडे दोनच नावं फिरतात, हिटलर नाहीतर नेपोलियन. तेही फॉरवर्डमधून! ना लेखकाचा पत्ता, ना पुस्तकाचा.

आता हे बघा. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, तिथला कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या. इकडे मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. 1865 ला युद्ध थांबलं, भाव कोसळले, मुंबईत बँका बुडाल्या. पण वऱ्हाडाचा कापूस काही सुटला नाही. 1870 मध्ये खामगावपर्यंत रेल्वे आली, गाठी भराभर बंदराकडे निघाल्या. आणि 1899-1900 च्या दुष्काळात याच वऱ्हाडात माणसं अन्नावाचून मेली.

हा जगाचा इतिहास नाही तर काय आहे?

स्वेन बेकर्ट यांचं ‘एम्पायर ऑफ कॉटन’ (2014) वाचा, त्यात वऱ्हाड सापडेल. लक्ष्मण सत्या यांचं ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ (1997) तर अख्खं आपल्यावरच आहे. आपल्यापैकी किती जणांनी ही नावं तरी ऐकलीत?

“एवढी जाडजूड इंग्रजी पुस्तकं शेतकऱ्याच्या काय कामाची?” असं म्हणणारे भेटतात. अहो, तेव्हा भाव लिव्हरपूलला हलायचा, आज न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात हलतो. ज्याचं घर त्या भावावर चालतं, त्यालाच हे कळू द्यायचं नाही?

माझा राग शेतकऱ्यावर नाही, शिकलेल्यांवर आहे. मुखपृष्ठाचा फोटो टाकून लाइक गोळा करणं म्हणजे पुस्तक लोकांपर्यंत पोचवणं नव्हे. प्राध्यापक मंडळी, तुम्हाला इंग्रजी येतं ना? मग एका प्रकरणाचा सार दोन पानं मराठीत लिहा आणि खाली पान नंबर द्या. बस्स, एवढंच.

आणि बाकीच्यांनी? राज्यात ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे. अ, ब, क, ड दर्जाच्या वाचनालयांना अनुदान मिळतं, ते आपल्याच पैशातून. तिथे जाऊन या पुस्तकांची लेखी मागणी करा. मागितलंच नाही तर कपाटात येणार कुठून?

पुढच्या वेळी इतिहासाचा फॉरवर्ड आला की भांडत बसू नका. एवढंच विचारा: कोणतं पुस्तक? कोणतं पान?