गाठ साधी, नोंद अवघड

अमेलोब्लास्टोमा ही जबड्यातली गाठ बहुधा कर्करोगाची नसते; म्हणून कर्करोग नोंदणीत ती बसत नाही. १९८७पासून बार्शीच्या ग्रामीण नोंदणीने परांडा-भूमची गावे पालथी घातली, पण शोध कर्करोगाचाच. नांदेड-लातूरला काढलेली गाठ काही वर्षांनी उलटली आणि रुग्ण हैदराबादेला गेला, तर तिथे तो नवाच मोजला जाऊ शकतो. त्यात ओडोंटोजेनिक केराटोसिस्ट ही जबड्यातलीच दुसरी गाठ जागतिक आरोग्य संघटनेने २००५मध्ये अर्बुदांत घातली, २०१७मध्ये पुन्हा पुटींत. जबडा मात्र तोच! नुसते निदानाचे नाव टिपलेल्या नोंदी मग जुळणार कशा?

मोजक्या रुग्णांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. मोजके आहेत म्हणूनच एकट्या दंत महाविद्यालयाचे आकडे काही सिद्ध करत नाहीत. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांनी नोंदीचा एकच नमुना वापरावा: गाठीची जागा, शस्त्रक्रियेचा प्रकार, ऊतीची जपलेली काचपट्टी, दहा वर्षांचा पाठपुरावा. रुग्णाचे नाव झाकूनही हे जमते.