सत्कार पुरे, साखळी हवी

मे २०२४ मध्ये जपानमधल्या कोबे शहरात जागतिक पॅरा अॅथलेटिक्स स्पर्धा झाली. नांदेड जिल्ह्यातल्या भाग्यश्री जाधवने तिथे गोळाफेकीत रौप्यपदक मिळवलं. एफ-३४ गट, अंतर ७.५६ मीटर. बातमी आली आणि दोन दिवसांत विरली. तीन महिन्यांनी पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात सुमित अंतिलच्या जोडीने तिने तिरंगा धरला, तेव्हा कुठे मुखेड तालुक्यातलं तिचं गाव होनवडज कुठे आहे याची विचारपूस सुरू झाली. झेंड्याचा मान मोठाच. पण खेळाडूची कमाई कोबेतली होती, आणि आपण टाळ्या वाजवल्या त्या पॅरिससाठी.

फुटबॉल पाहणाऱ्यांना कोबे ठाऊक असतं ते आणखी एका बाईमुळे. होमारे सावा. जपानच्या महिला संघाची ही खेळाडू कारकिर्दीच्या शेवटी, २०११ ते २०१५, आयनॅक कोबे लिओनेसा या क्लबकडून खेळली. सहा विश्वचषक, चार ऑलिम्पिक, २०५ आंतरराष्ट्रीय सामने आणि ८३ गोल. एवढे आकडे सांगितले की बहुतेक जण थांबतात. मला मात्र या आकड्यांच्या आधीचा एक आकडा महत्त्वाचा वाटतो: बारा. मोठ्या बायकांच्या क्लबात, टोकियोच्या योमिउरी बेलेझामध्ये, सावा दाखल झाली तेव्हा तिचं वय बारा वर्षांचं होतं. तिथून सदतिसाव्या वर्षापर्यंत ती जपानमध्ये किंवा अमेरिकेत कुठल्या ना कुठल्या क्लबाकडून खेळत राहिली. देशाचा सामना कधीतरी यायचा, क्लबाचा सामना मात्र हंगामभर चालू असायचा.

डिसेंबर १९९३ मध्ये, पंधराव्या वर्षी, तिने जपानकडून पहिला सामना खेळला. समोर फिलिपिन्स. पहिल्याच सामन्यात चार गोल. त्या डिसेंबरात लातूर जिल्हा कशात होता हे इथल्या वाचकाला सांगायला नको. ३० सप्टेंबरची ती भूकंपाची पहाट उलटून जेमतेम दोन-अडीच महिने झाले होते, किल्लारीची माणसं पत्र्याच्या शेडमध्ये होती. पुढे जानेवारी १९९५ मध्ये कोबेही हादरलं, सहा हजारांवर माणसं गेली. किल्लारी पाहिलेल्याला कोबे समजावून सांगावं लागत नाही.

सावाच्या वाट्याला पायघड्या आल्या नाहीत. जपानमध्ये महिलांची राष्ट्रीय लीग १९८९ मध्ये सुरू झाली ती कंपन्यांच्या पैशावर. मंदी आल्यावर कंपन्यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एकामागून एक संघ गुंडाळले. त्यात जपान २००० च्या सिडनी ऑलिम्पिकला पात्रही ठरला नाही. सावा १९९९ मध्ये अमेरिकेला गेली आणि तिथली लीग २००३ मध्ये बंद पडल्यावर परत आली. एप्रिल २००४ मध्ये अथेन्स ऑलिम्पिकच्या पात्रतेसाठी टोकियोत उत्तर कोरियाशी सामना होता. दुखऱ्या गुडघ्यानिशी ती उतरली, जपान ३-० ने जिंकला आणि तीस हजारांवर लोक मैदानात बसून तो सामना पाहत होते. जपानमधल्या महिला फुटबॉलचे दिवस पालटले ते तिथून.

२०११ चा विश्वचषक तर सर्वांनाच माहीत आहे. मार्चमध्ये भूकंप आणि त्सुनामी, जुलैमध्ये फ्रँकफर्टला अंतिम सामना. अमेरिका जादा वेळेत २-१ ने पुढे. ११७ व्या मिनिटाला आया मियामाचा कॉर्नर आला, सावाने पुढे धावत येऊन उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने चेंडू जाळ्यात वळवला. पेनल्टींवर जपान विश्वविजेता. सर्वाधिक गोल तिचे, सर्वोत्तम खेळाडूही तीच आणि फिफाची त्या वर्षाची सर्वोत्तम महिला फुटबॉलपटूही तीच.

त्याच स्पर्धेत यजमान जर्मनीला बाहेर काढणारा गोल कारिना मारुयामाचा होता. ही मारुयामा आधी फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रात नोकरी करत होती आणि त्याच वीज कंपनीच्या संघातून खेळत होती. विश्वविजेत्या संघातल्या बऱ्याच जणी अशा नोकरी सांभाळून सरावाला जाणाऱ्या होत्या. पूर्ण व्यावसायिक लीग जपानमध्ये आली ती २०२१ मध्ये, विश्वचषक जिंकल्यावर दहा वर्षांनी. म्हणजे आधी पैसा आला आणि मग खेळ झाला, असं तिथेही घडलेलं नाही. आधी सामने झाले. रडतखडत, रिकाम्या खुर्च्यांसमोर, पण झाले.

आता जरा कडू गोष्ट. १९८० च्या जानेवारीत कोझिकोडला संपलेल्या आशियाई महिला स्पर्धेत भारत उपविजेता होता. १९८३ मध्ये पुन्हा उपविजेता. जपानच्या महिला संघाने पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला १९८१ मध्ये. आपण त्यांच्या पुढे होतो! मग त्यांनी १९८९ मध्ये लीग काढली आणि आपली राष्ट्रीय महिला लीग सुरू व्हायला २०१६-१७ चा हंगाम उजाडला. दोन देशांतलं अंतर या सत्तावीस वर्षांत पडलं आहे. शरीरयष्टी, आहार, संस्कृती वगैरे कारणं सांगणाऱ्यांनी १९८० चा निकाल आधी वाचावा. जानेवारी २०२२ मध्ये आशिया चषकासाठी जपानच्या मुली आपल्या बालेवाडीत खेळून गेल्या. यजमान भारताला मात्र करोनामुळे स्पर्धा अर्ध्यावर सोडावी लागली. २०२६ च्या आशिया चषकासाठी भारत थायलंडला हरवून, पात्रता फेरीतून पोहोचला, आणि गट कोणता, तर जपानचाच.

हे सगळं नांदेड-लातूरच्या वाचकाला का सांगायचं? कारण सामन्यांची सवय लावून माणूस घडवण्याचं तंत्र आपल्याला येतं. लातूर पॅटर्न म्हणजे दुसरं काय आहे? राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या वर्गांतून जे उभं राहिलं, त्यात जादू नव्हती. सतत चाचण्या, लगेच निकाल, चुकलेलं पुन्हा सोडवून घेणं. वर्षाच्या शेवटी एकच परीक्षा घेऊन डॉक्टर घडत नाहीत हे लातूरला पाठ आहे. मैदानावर मात्र आपण नेमकं तेच करतो.

शालेय स्पर्धा बघा. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. सगळं बाद पद्धतीने. आठ शाळांचे मुलींचे संघ आले, तर त्यातले चार पहिला सामना हरून दुपारच्या एसटीने घरी. त्या मुलींचा वर्षभराचा फुटबॉल तेवढाच. त्याच आठ संघांची साखळी लावली तर प्रत्येक संघाला सात सामने मिळतात, एकूण अठ्ठावीस. चार चेंडू, दोन शिट्ट्या, एक चुन्याची पिशवी आणि शनिवारची सकाळ एवढ्यावर हे होतं. गवताचं मैदान मागूच नका. ज्या शहराला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे गवताला पाणी मागणं शोभत नाही. मातीवर खेळू द्या.

मातीवर काय होतं हे शेजारच्या धाराशिवने दाखवलंय. सारिका काळे तिथली. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय खो-खो संघाची कर्णधार, २०२० ची अर्जुन पुरस्कारविजेती. प्रशिक्षक चंद्रजित जाधव आणि रोज संध्याकाळी भरणारं एक मैदान, एवढ्यावर त्या गावाने राज्याच्या संघात मुली धाडल्या. एकच नव्हे, मागून येणाऱ्याही. लातूरने कुस्तीत हरिश्चंद्र बिराजदार दिले, काका पवार दिले, पण दोघांच्या तालमी शेवटी पुण्यात. आणि पुण्याला जाऊन राहणं मुलाला जमतं, आठवीतल्या मुलीला घरचे पाठवत नाहीत. पाठवत नाहीत याबद्दल मी त्यांना नावं ठेवणार नाही. सोय घराजवळ नसेल तर आईबापांनी करायचं काय? नांदेडात दरवर्षी गुरु गोबिंदसिंघजींच्या नावाने अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते, देशभरातून संघ येतात, शहर लोटतं. तिथे मैदानावर मुलगेच असतात. प्रेक्षक आहेत, परंपरा आहे, पंच आहेत, आयोजनाचा अनुभव आहे. मुलींचे चार सामने त्याच आठवड्यात बसणार नाहीत, असं मला तरी वाटत नाही.

पुन्हा भाग्यश्रीकडे. तिच्याबद्दल जे काही छापून येतं, त्यात २००६ ची विषबाधा आणि त्यानंतरचं अपंगत्व पानभर असतं आणि खेळ दोन ओळींत. मला उलटं करायचंय. तिने खेळाला सुरुवात केली २०१७ मध्ये, तिशी उलटल्यावर. तिच्या एफ-३४ गटात खेळाडू जमिनीला जखडलेल्या आसनावर बसून गोळा फेकतो. पायांचा रेटा नाही, धावण्याचा वेग नाही, जे काही ते खांदा, पाठ आणि मनगट. टोकियो पॅरालिम्पिक, २०२१: ७.०० मीटर, सातवी. हांगझोऊ आशियाई पॅरा स्पर्धा, २०२३: ७.५४, रौप्य. कोबे: ७.५६, पुन्हा रौप्य. पॅरिस: ७.२८, पाचवी. तीन वर्षांत अर्ध्या मीटरहून जास्त वाढ चाळिशीकडे झुकलेल्या बाईने करून दाखवली, आणि ती एका स्पर्धेनंतर दुसरी स्पर्धा मिळत गेली म्हणून. पॅरिसमध्ये अंतर घटलं, तेही या हिशेबातच धरायचं. खेळाडूची कारकीर्द अशी वरखाली होत जाते. तिच्याकडे धैर्याचा पुतळा म्हणून पाहिलं की हे मीटर आणि सेंटिमीटर दिसेनासे होतात.

आणि एक प्रश्न उरतो, तो मला छळतो. ही बाई शाळेत असताना तिच्या खांद्यात किती ताकद आहे हे कुणी मोजलं होतं का? सावाला बाराव्या वर्षी क्लब मिळाला. मुखेड, कंधार, औसा, निलंग्यातल्या बारा वर्षांच्या मुलीला काय मिळतं? दहावीच्या वाढीव क्रीडागुणांसाठी एक प्रमाणपत्र, आणि दहावी झाली की शिकवणीचं वेळापत्रक. शिकवणीला माझा विरोध नाही, लातूरची चूल त्यावर पेटते. पण आठवड्याचे सातही दिवस त्याच चुलीला कशाला?

दोन्ही जिल्ह्यांच्या क्रीडा अधिकाऱ्यांना आणि संस्थाचालकांना या सदरातून एवढंच मागणं आहे: येत्या हंगामात आठ शाळा निवडा आणि मुलींची फुटबॉलची साखळी लावा. उद्घाटनाला पाहुणा नसला तरी चालेल. आणि वाचकहो, तुमच्या गावातल्या शाळेत मुलींचा संघ असेल, किंवा होऊ शकेल असं वाटत असेल, तर शाळेचं नाव आणि मैदान कुठे आहे ते या सदराकडे कळवा. आलेली यादी मी इथेच छापीन.