लॅमिनेटची जमीन : झाडू रोज, पाणी बेताने



हल्ली अनेक घरांत निदान एका खोलीत तरी लाकडासारखी जमीन दिसते. सगळे तिला 'वुडन फ्लोअरिंग' म्हणतात, पण पुष्कळदा ती लॅमिनेटची असते. लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला पुठ्ठ्यासारखा घट्ट बोर्ड, त्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद आणि सर्वांत वर पारदर्शक, कडक थर, अशी तिची रचना असते. वरच्या थरातून पाणी सहसा जात नाही. ते शिरते दोन पट्ट्यांमधल्या सांध्यातून. वहीच्या पुठ्ठ्याचा कोपरा पाण्यात बुडवून पाहा. तो फुगतो आणि वाळला तरी पूर्वीसारखा होत नाही. या जमिनीचेही तसेच आहे.

आपल्याकडे स्वच्छता म्हणजे पाणी. बादली ओतून फरशी धुतल्याशिवाय ईदची तयारी झाली असे वाटत नाही. इथे मात्र ही सवय आवरावी लागते.

रोजची सफाई : मऊ झाडूने किंवा कोरड्या मायक्रोफायबर मॉपने धूळ काढा. चपलांबरोबर आलेली वाळू पायाखाली घासली की ओरखडे पडतात, म्हणून दाराशी पायपुसणे हवेच. आठवड्यातून एकदा घट्ट पिळलेल्या फडक्याने पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने पुसा. पुसल्यावर दोन मिनिटांत जमीन आपोआप सुकली पाहिजे. नाही सुकली तर फडके जास्त ओले होते. फिनेल, साबण, मेण यांचा थर साचतो, पावलांचे ठसे उठतात आणि पाय घसरतो. म्हाताऱ्या माणसांच्या घरात हे फार जपावे. वाफेचा मॉप आणि तारेची घासणी वापरू नका. कामाला येणाऱ्या बाईंना हे पहिल्याच दिवशी करून दाखवा. न सांगता नंतर त्यांना बोल लावणे बरोबर नाही.

ओल्या जागा : वुजू करून ओल्या पायांनी दिवसातून पाच वेळा त्याच पट्ट्यांवरून जाणे होते. न्हाणीघराच्या दाराशी जाड सुती पायपुसणे ठेवा आणि ओले झाले की बदला. कूलर, फ्रिज आणि कुंड्यांच्या खाली अधूनमधून हात फिरवून पाहा. पावसाळ्यात छत्र्या बाहेरच ठेवा.

लहान मुलाने लघवी केली तर लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्या. मग स्वच्छ पाण्यात पिळलेले फडके दर वेळी बदलून तीनदा पुसा आणि शेवटी कोरडे करा. पाकीच्या मसअल्याबाबत शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा. घराघरात मसलक वेगळा असू शकतो.

डाग : सालन, चहा किंवा मेंदी सांडली तर वाळू देऊ नका, टिपून घ्या आणि ओलसर फडक्याने पुसा. नेलपॉलिश किंवा पेनच्या शाईसाठी फडक्यावर रिमूव्हरचे दोन थेंब घ्या, आधी कोपऱ्यात पाहून मगच वापरा. च्युइंगगमवर बर्फ ठेवा. कडक झाले की प्लास्टिकच्या पट्टीने अलगद काढा.

लक्षात ठेवा : पलंग आणि खुर्च्यांच्या पायांखाली नमद्याचे तुकडे चिकटवा. भिंतीलगतच्या पट्टीखाली साधारण 8 ते 10 मि.मी. फट मुद्दाम सोडलेली असते. दमट हवेत जमीन थोडी पसरते, त्यासाठी ती जागा लागते. ती बुजवू नका. लॅमिनेट घासून पुन्हा पॉलिश करता येत नाही. फुगलेली पट्टी बदलावीच लागते. तोच रंग पुढे मिळेलच असे नाही, म्हणून बसवतानाच चार-पाच पट्ट्या जास्तीच्या घेऊन माळ्यावर ठेवा.

आणि हे एकट्या अम्मीचे काम नाही. ज्याच्या हातून सांडले त्याने लगेच पुसायचे, एवढा एक नियम घरात लावलात तरी जमीन वर्षानुवर्षे टिकेल.